तारीख गोंदियात, मुलाकात भंडाऱ्यात

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली, पोलीस अधीक्षक बसले, जिल्हा व सत्र न्यायालय उभे राहिले, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले. कारागृह मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिले. गोंदियाच्या न्यायालयात पीसीआर संपून एमसीआर झाला, म्हणजे पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी लागली, की आरोपीची गाडी भंडारा जिल्हा कारागृहाकडे वळते. मोठी शिक्षा लागली तर पुढे बहुधा नागपूर मध्यवर्ती कारागृह. नव्या जिल्ह्याच्या मागण्यांच्या यादीत कारागृह कधीच वर नसते, आणि त्यात नवल नाही. तुरुंग आपल्या गावात हवा म्हणून मोर्चा कोण काढणार? पण ही उणीव ज्यांना सोसावी लागते त्यांच्यात कैद्यापेक्षा बाहेरची माणसे जास्त आहेत: सालेकशाची आई, देवरीचा भाऊ, अर्जुनी मोरगावची बायको. आतल्या माणसाशी संपर्क ठेवणे आणि त्याच्या पाठीशी उभे राहणे हा विषय आपल्याकडे दयाबुद्धीच्या खात्यात टाकला जातो, म्हणजे भेट झाली तर बरे, नाही झाली तर नशीब. माझे म्हणणे वेगळे आहे. निकाल लागायच्या आधी आत असलेल्या माणसाच्या बाबतीत कुटुंबाचा संपर्क हा त्याच्या खटल्याचाच भाग असतो. तो तुटला की न्यायाचे कामही त्या प्रमाणात अडते.

आत कोण आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या कारागृह आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांत तीन. महाराष्ट्रात हे प्रमाण देशापेक्षाही जास्त आहे आणि राज्यातल्या कारागृहांत क्षमतेच्या दीडपटीहून अधिक माणसे कोंबलेली आहेत. कच्च्या कैद्याला कायदा निर्दोष मानतो, पण त्या निर्दोषत्वाचा त्याला स्वतःला फारसा उपयोग करता येत नाही, कारण त्याचे हातपाय बाहेर राहिलेले असतात. वकील शोधायचा तो बाहेर. वकालतनाम्यावर सही आत होते, तिच्यावर तुरुंगाचा शिक्का आतच बसतो, पण कागद आत पोहोचवायची आणि परत न्यायची धडपड बाहेरच्याची. जामीनदार उभा करायचा, त्याचा सातबारा काढायचा, तहसीलमधून सॉल्व्हन्सी आणायची, घटनेच्या दिवशी हा माणूस खरोखर कुठे होता ते सांगू शकणारा शेजारी गाठायचा, ही सगळी कामे कुटुंबाची. पूर्व विदर्भात त्यात आणखी एक भर पडते. इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि पोलिसांनी उचललेल्या मुलाच्या खिशात त्याचे दवाखान्याचे कार्ड असतेच असे नाही. ते कार्ड कारागृहाच्या डॉक्टरपर्यंत जाते ते घरच्या माणसामार्फत. सरकारी वकील, पोलीस, प्रयोगशाळा अशी यंत्रणा ज्या बाजूला आहे, तिच्यासमोर गरीब आरोपीची एकच यंत्रणा असते, आणि ती म्हणजे त्याचे घर.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. १८९४ चा कारागृह कायदा हा काही कैद्यांच्या कळवळ्यापोटी केलेला नव्हता, तो साम्राज्याचा कायदा. त्याच्याही ४० व्या कलमात म्हटले आहे की कच्च्या कैद्याला ज्यांना भेटावेसे वाटते त्यांना योग्य वेळी, योग्य बंधनांखाली आत येऊ देण्याची व्यवस्था असली पाहिजे, आणि वकिलाची भेट शक्यतो तिसऱ्या माणसाशिवाय व्हावी. ३१ वे कलम त्याला बाहेरून कपडे, अंथरूण, अन्न मिळवण्याची मुभा देते, अर्थात तपासणी आणि नियमांना धरून. प्रत्यक्षात घरचा डबा बहुतेक ठिकाणी न्यायालयाच्या आदेशाशिवाय आत जात नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या जुन्या सांगाड्यात घटनेचा जीव घातला. सुनील बात्रा प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कुटुंबाच्या भेटीला कैद्याच्या हक्कांत जागा दिली. १९८१ च्या फ्रान्सिस कोरॅली मुलिन प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी स्थानबद्ध व्यक्तीला महिन्यातून एकच भेट देणारा नियम अवाजवी ठरवला आणि कुटुंबीयांना व वकिलाला भेटणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मांडले. कारागृहांतील अमानवी परिस्थितीविषयीच्या खटल्यात सप्टेंबर २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने भेटींची संख्या आणि वेळ वाढवण्याचा, फोन आणि व्हिडिओचा वापर करण्याचा विचार राज्यांनी करावा असे सांगितले. तरीही न्यायालयांनी हा हक्क अमर्याद मानलेला नाही. आठवड्याला दोनच भेटी देणाऱ्या दिल्लीच्या नियमाला आव्हान दिले गेले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तुरुंगातली गर्दी पाहता ही धोरणाची बाब आहे म्हणून हात घातला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल फिरवला नाही. ती भूमिका समजण्यासारखी आहे. पण हा सगळा वाद नियमपुस्तकात किती भेटी आहेत यावर चालला. गोंदियाचा प्रश्न तिथे बसत नाही, कारण इथे नियमाने दिलेली भेटही घेता येत नाही.

सालेकशाहून भंडाऱ्याला जायचे म्हणजे काय, ते पायरीपायरीने पाहिले पाहिजे. आधी रेल्वेने किंवा बसने आमगावमार्गे गोंदिया. तिथून नागपूरच्या दिशेने जाणारी गाडी, तिरोडा, तुमसर रोड करत भंडारा रोड. गोंदिया ते भंडारा रोड सुमारे सत्तर किलोमीटर. पण भंडारा रोड म्हणजे भंडारा नव्हे. ते स्टेशन वरठीला आहे आणि तिथून शहर गाठायला पुन्हा ऑटो किंवा बस. देवरीच्या माणसाला राष्ट्रीय महामार्गाने साकोली, लाखनी करत जाणे सोपे, अर्जुनी मोरगावच्या जंगलकाठच्या गावातल्या बाईला मात्र आधी तालुक्यापर्यंत पोहोचणेच एक काम असते. एवढे करून फाटकाशी पोहोचल्यावर आधार कार्ड, नावनोंदणी, झडती, रांग. आणि मग जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडे पंधरा-वीस मिनिटे, आजूबाजूला आणखी दहा कुटुंबे एकाच वेळी ओरडून बोलत असताना. भेटीची वेळ टळली, त्या दिवशी सुट्टी निघाली, किंवा कैद्याला त्याच दिवशी दुसऱ्या केससाठी कोर्टात नेले असेल, तर आल्या पावली परत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका भेटीची किंमत एक बुडालेली रोजी, दोन माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि आतल्या माणसाच्या खात्यात कँटीनसाठी टाकायची रक्कम. रोवणीच्या दिवसांत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात हे गणित आणखी बिघडते, कारण त्या दोन-तीन आठवड्यांच्या कमाईवर पुढचे महिने काढायचे असतात. नियमात आठवड्याची भेट असली तरी घराला ती महिन्या-दोन महिन्यांनी एकदा परवडते. ही शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने ठोठावलेली नाही आणि तिच्यावर अपीलही नाही.

आता ज्याची चर्चा जवळजवळ होतच नाही अशा एका बदलाकडे येतो. पूर्वी कैदी दर तारखेला गार्डसोबत कोर्टात यायचा. गोंदियाच्या कोर्टाच्या व्हरांड्यात किंवा आवारात, पोलिसाच्या परवानगीने किंवा कानाडोळ्याने, आई मुलाला पाहायची, बायको चार वाक्ये बोलायची, वकील तिथेच तिघांना एकत्र उभे करून पुढचे ठरवायचा. कागदोपत्री ही मुलाकात नव्हती. पण सालेकशा-देवरीच्या घरांना जमणारी खरी मुलाकात तीच होती, कारण कोर्ट त्यांच्या जिल्ह्यात होते. मग तारखा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, गेल्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १८७ वे कलम पोलीस कोठडीसाठी आरोपीला प्रत्यक्ष उभे करायला सांगते, पण न्यायालयीन कोठडी वाढवायची तर दृक्‌श्राव्य माध्यम पुरते. जुन्या दंड प्रक्रिया संहितेतही ही सोय होतीच. त्याचे फायदे खरे आहेत. गार्ड मिळाला नाही म्हणून तारीख बुडत नाही, बेड्या घालून भर रस्त्यातून नेणे टळते, डिझेल आणि मनुष्यबळ वाचते, आणि नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यात वाहतुकीचा धोकाही कमी होतो. फक्त हा हिशेब मांडताना व्हरांड्यातली भेट कुणी मोजली नाही. सरकारचा प्रवास वाचला आणि तेवढाच प्रवास कुटुंबाच्या अंगावर पडला. पूर्वी कैदी गोंदियाला यायचा, आता घरच्यांनी भंडाऱ्याला जायचे. व्हीसी बंद करा असे मी म्हणणार नाही. पण वाचलेल्या खर्चातला थोडा भाग कोर्टाच्या आवारात एका खोलीवर, एका संगणकावर आणि एका माणसावर घालता येतो, जिथून तारखेच्या दिवशी न्यायाधीशांपुढची हजेरी झाल्यावर कुटुंबाला त्याच जोडणीवर दहा मिनिटे मिळतील. तार आधीच टाकलेली आहे. कुटुंबाला वेळ देण्याचा निर्णय तेवढा बाकी आहे.

संपर्क तुटला की खटला कसा अडतो याचे सर्वांत ठळक उदाहरण जामीन. १९७८ चे मोतीराम प्रकरण पाहा. मध्य प्रदेशातल्या या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण खालच्या न्यायदंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याला नाकारले, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले आणि भारत हा एक देश आहे याची आठवण संबंधितांना करून दिली. गोंदियाच्या भूगोलाची गोष्ट तशीच आहे. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. सोयरीक राज्याच्या सीमेपलीकडे, जमीन पलीकडे, मामा पलीकडे. जामीन मंजूर होऊनही स्थानिक जामीनदार नाही म्हणून माणूस आतच, हे इथे सहज घडू शकते. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर नेमकी पावले सांगितली: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहात जावी; सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे; महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा; आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी साहाय्य योजना आणली, तीत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडण्याची तरतूद केली, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले सोडून. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या खटल्यांनाही लागू केली.

वाचायला हे सगळे छान आहे. पण या प्रत्येक तरतुदीला कुणीतरी टोचणी लावावी लागते. ४७९ व्या कलमाचा अर्ज अधीक्षकाने करायचा आहे, तरी दिवस बोटावर मोजणारी आई असली तर तो वेळेवर होतो. गरीब कैद्यांच्या योजनेचा प्रस्ताव जिल्हा समितीपुढे जाताना घरची परिस्थिती सांगणारे कागद लागतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांकही आहे. पण नेमलेल्या वकिलाला आरोपीचा शेजारी कुठे राहतो हे आरोपीच्या भावाशिवाय सांगणार कोण? आणि भावाला वकिलाचे नाव कळणार कसे, जर आत वकील कोणता मिळाला हे विचारायलाच भंडाऱ्याला जावे लागत असेल? प्रत्येक शिफारस, योजना, कलम गृहीत धरते की आतल्या-बाहेरच्यांचे बोलणे चालू आहे. गोंदियात ते गृहीतकच कच्चे आहे.

मग फोन द्या, व्हिडिओ द्या, झाले, असे कुणी म्हणेल. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या आणि कारागृहांनी फोन व व्हिडिओ कॉल सुरू केले, तेव्हा दूरच्या कुटुंबांना काही अंशी पहिल्यांदाच नियमित बोलता आले. येरवड्यात २०२३ मध्ये स्मार्ट कार्डवरचे फोन आले, केंद्राच्या ई-मुलाकात प्रणालीवर नोंदणी करता येते. गोंदियासाठी फोन हे पहिले साधन असले पाहिजे याबद्दल मला शंका नाही. साधा फोन, स्मार्टफोन नव्हे, कारण ई-मुलाकातीला लागणारी जोडणी दरेकसा-चिचगडच्या पट्ट्यात प्रत्येक घरात नसते. पण अमेरिकेतल्या काउंटी जेलचा अनुभव इथे डोळ्यासमोर ठेवावा. तिथली ही जेल आपल्या जिल्हा कारागृहासारखीच, बहुतांश कच्च्या कैद्यांची. तिथे खासगी कंपन्यांनी व्हिडिओ भेटीचे यंत्र बसवले आणि प्रिझन पॉलिसी इनिशिएटिव्ह या संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार ज्या जेलनी ते घेतले त्यांपैकी ७४ टक्क्यांनी प्रत्यक्ष भेटी बंदच करून टाकल्या. फोनचे दर तर इतके चढे की नातवाशी बोलण्याच्या खर्चाने मेटाकुटीला आलेल्या मार्था राइट नावाच्या वॉशिंग्टनच्या अंध आजीने २००० साली दावा लावला. त्या वारल्यानंतर, जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या नावाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि दरांवर मर्यादा घालण्याचा रस्ता मोकळा झाला. सोय म्हणून आलेले यंत्र भेटीच्या जागी बसते, आणि मिनिटाला पैसे लागले की गरिबाचे बोलणे तेवढे आखूड होते. आपल्याकडे फोन भेटीत भर म्हणून यावा, भेटीचा कोटा कापून नव्हे, आणि नियमात हे लिहून ठेवावे.

पत्राचे माध्यम आता कुणाच्या गणतीत नाही, पण ते स्वस्त आहे: पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना आणि अंतर्देशीय अडीच रुपयांना मिळते. मंडालेत १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्य टिळकांचे घर, पुस्तके आणि चालू दावे हे सगळे पत्रांवर चालले, भाचे धोंडोपंत विद्वांस बाहेरची बाजू सांभाळत होते. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या तेव्हा टिळक मंडालेतच होते. टिळकांइतके लिहिणारे घर सर्वांचे नसते हे मान्य. तरी पत्राचा एक फायदा फोनला नाही: तारीख, वकिलाचे नाव, केस नंबर, औषधाचे नाव हे कागदावर राहते आणि आतला माणूस ते पुन्हा पुन्हा पाहू शकतो. अडचण वेगळीकडे आहे. पत्र तपासले जाते, मुलाकातीवर कान असतो, आणि तपासणाऱ्याला भाषा कळली पाहिजे असा प्रशासनाचा आग्रह असतो. नागपूर मध्यवर्ती कारागृहात प्रा. जी. एन. साईबाबा यांना भेटायला आलेल्या आईशी तेलुगूत बोलू दिले गेले नाही, ही तक्रार त्यांच्या कुटुंबाने जाहीरपणे मांडली होती. १ ऑगस्ट २०२० रोजी आई गेली तेव्हाही त्यांना अंत्यविधीला जाता आले नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी त्यांना निर्दोष सोडले. त्या खटल्याचे राजकारण बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतो, आणि तो गोंदियाचाही आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जण गोंडीतच मोकळे बोलतात. तिथल्या मुलाशी आजीने मराठीत किंवा हिंदीत बोलावे अशी अट असेल, तर त्या वीस मिनिटांतली अर्धी शब्द शोधण्यात जातात. गोंडी जाणणारा एक कर्मचारी नेमणे हे भाषिक अस्मितेचे काम नाही, सुरक्षेचेच काम आहे.

सुरक्षेचा आक्षेप या सगळ्या मांडणीवर येतोच आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलाकातीतून अमली पदार्थ, मोबाइल, निरोप आत-बाहेर जातात. साक्षीदाराला धमकी फाटकातून बाहेर पडते. यासाठी कायद्यात झडती आहे, नोंद आहे, शिक्षा आहे, आणि विशिष्ट कैद्याच्या भेटी कारण लिहून थांबवण्याची सोयही आहे. पण अंतर हे सुरक्षेचे साधन म्हणून फार वाईट. ते संघटित टोळीवाल्याला अडवत नाही, त्याच्याकडे गाडी आणि वकील दोन्ही असतात. ते अडवते भुरट्या चोरीत, दारूबंदीच्या केसमध्ये किंवा गावातल्या मारामारीत अडकलेल्या मजुराच्या आईला. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: ज्याच्यावर अत्याचार झाला त्याच्या घराचा प्रवास कोण मोजतो? तोही मोजलाच पाहिजे. कोर्टाच्या तारखांना फिर्यादीची बाजूही रोजी बुडवून येते. मात्र आरोपीच्या आईला भंडाऱ्याला दोनदा जास्त जायला लावल्याने फिर्यादीचा एकही प्रवास वाचत नाही. उलट जामीनदार वेळेवर मिळाला नाही, वकिलाला माहिती मिळाली नाही, की पुढची तारीख पडते, आणि ती दोन्ही बाजूंना पडते.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे. भेटींचा परिणाम चांगला होतो याचा पुरावा काय? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सुधारणा विभागाने २०११ मध्ये, २००३ ते २००७ दरम्यान सुटलेल्या १६,४२० जणांचा अभ्यास केला. ज्यांना भेटी मिळत होत्या त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी आढळला. ज्याचे घर धड आहे त्यालाच भेटी मिळतात आणि तोच सुधारतो, असे म्हणता येते, आणि आकडेवारीने कितीही चाळले तरी हा संशय पूर्ण जात नाही. म्हणून मी माझा मुद्दा सुधारणेवर उभा केलेला नाही. कच्च्या कैद्याला सुधारायचे कशातून, हेच अजून ठरलेले नसते. पण त्या अभ्यासातली दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. भाऊ-बहीण, वडील, सासरची माणसे यांच्या भेटींचा फायदा दिसला, घटस्फोटित जोडीदाराच्या भेटींनी मात्र धोका वाढला. म्हणजे भेट म्हटली की चांगलीच असे नाही. आपल्याकडे नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बाईवर सासरचे दडपण असते की तूच जा, तूच जामीन राहा, तूच केस मागे घे. पाठीशी उभे राहणे हे कुणावरही लादता येत नाही, आणि न जाणाऱ्या बाईला कुणी बोल लावू नये. संपर्काची सोय सोपी करताना तो नाकारण्याची वाटही तितकीच सोपी हवी. आपल्या नावाने कुणी फोन करू नये, पत्र पाठवू नये, असे तिला एका अर्जात सांगता आले पाहिजे.

मुलांचा प्रश्न या चौकटीत पूर्ण बसत नाही, तरी तो टाळता येत नाही. महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम झाला आहे, नागपुरातही, ज्यात कैद्याला जाळीशिवाय आपल्या मुलांना जवळ घेता येते. तो शिक्षा झालेल्यांपुरता आणि अधूनमधून असतो, शिवाय त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत जरा जास्तच येतात. राज्याच्या बालसंगोपन योजनेत आई-बाप कारागृहात असलेल्या मुलालाही महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, आणि अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था विदर्भातल्या कैद्यांच्या मुलांसाठी काम करत आली आहे. पण बालसंगोपनाचा अर्ज गोंदियाच्या महिला व बालविकास कार्यालयात, बाप आत असल्याचा दाखला भंडाऱ्याच्या कारागृहात, आणि मूल सडक अर्जुनीला आजीकडे. कारागृहाने प्रवेशाच्या दिवशीच कैद्याला अल्पवयीन मुले आहेत का हे विचारून त्याच्या जिल्ह्याच्या कार्यालयाला कळवले, तर आजीची निदान एक फेरी वाचेल.

राहिला स्वतंत्र कारागृहाचा उपाय. गोंदियाला ते हवेच, आणि आज ना उद्या होईल. पण इमारतीला वर्षे लागतात, आणि झालेली इमारतही शहराबाहेर, बस न जाणाऱ्या जागी उभी राहू शकते. सरकारी जमीन स्वस्त तिथे मिळते. शिवाय स्त्रियांची बराक, दवाखाना, कर्मचारी हे सारे नव्याने उभे करावे लागेल, आणि तोपर्यंत भंडाऱ्याचीच वाट. त्यामुळे आराखड्यावर सही करण्यापूर्वी ज्यांना तिथे जायचे आहे त्यांच्या बसस्थानकापासूनचे अंतर मोजावे, आणि मुलाकातीची खोली नकाशात उरलेल्या कोपऱ्यात नव्हे तर फाटकाजवळ, बसायला बाक आणि प्यायला पाणी असलेली ठेवावी. दरम्यान जी कामे आजच करता येतात ती अशी. गोंदिया जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात भंडाऱ्यातल्या कैद्यांची रोजची यादी ठेवावी, म्हणजे कोण आत आहे, कुणाला कोणता वकील मिळाला, कुणाचा जामीन होऊन किती दिवस झाले, हे देवरीच्या भावाला गोंदियातच कळेल. मुलाकातीची वेळ आधी फोनवर ठरवता यावी आणि लांबच्या तालुक्यांना दुपारची वेळ राखून ठेवावी, कारण त्यांची पहिली गाडी सकाळच्या रांगेला पोहोचत नाही. आणि ज्या दिवशी व्हीसीवर तारीख आहे त्या दिवशी आरोपीच्या घरच्यांना कोर्टाच्या खोलीबाहेर थांबवू नये. त्यांना पडद्यासमोर बसवावे.